गवतातला श्वास

“बाई, तुमच्या गवतात कुणीतरी श्वास घेतंय,” शंकासुर म्हणाला, आणि मी तोंडाला लावलेला चहाचा कप परत टेबलावर ठेवला. सकाळची वेळ होती, खिडकीखाली बस वळत होत्या आणि दुपारी माझं व्याख्यान होतं. शंकासुर म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा माझा सहकारी. हे नाव मीच ठेवलंय, आणि त्याला ते माहीत आहे, कारण एकदा ते माझ्या तोंडून त्याच्यासमोरच निघून गेलं होतं. त्यावरही त्यानं शंका काढली होती, की शंका ठीक आहे, पण असुर कशावरून? हा माणूस लिफ्टमध्ये बटण दाबतो आणि दिवा लागला की नाही ते वाकून बघतो. व्याख्यानाआधी आपले आलेख याच्या चाळणीतून गेलेले बरे, म्हणून काल मोजणीच्या मूळ फायली मीच त्याच्या हवाली केल्या होत्या. धोंडा माझा आणि पायही माझाच.

“श्वास कुठला? वाळलेलं गवत आहे ते,” मी म्हटलं. “दळून पीठ केलंय त्याचं.”

“म्हणून तर विचारतोय,” तो म्हणाला आणि त्यानं पडदा माझ्याकडे वळवला.

मी चाऱ्यातली प्रथिनं बघते. हे असं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. पण माझ्यापुरती ती मोठी मजेची गोष्ट आहे. चाऱ्यात प्रथिनं किती आहेत एवढ्यावर गाईचं भागत नाही. ती दुमडलेली कशी आहेत यावर सगळं अवलंबून. काही पिळाच्या जिन्यासारखी वर चढत गेलेली असतात, काही इस्त्रीच्या कापडासारखी घडीवर घडी घालून बसलेली. घड्या फार झाल्या आणि घट्ट बसल्या की गाईच्या पोटाला त्या उलगडत नाहीत, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. माझी आई कपडे शिवायची, त्यामुळे मला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. कापड तेवढंच असतं, घडी चुकली की कपाटात मावत नाही. तर ही घडी बघायला आम्ही डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतो. लसूणघास वाळवायचा, दळायचा, एका पांढऱ्या क्षारात खलून दाबाखाली त्याची नखाएवढी काचेसारखी चकती करायची, ती चिमट्यानं यंत्राच्या कप्प्यात बसवायची आणि झाकण लावायचं. प्रत्येक घडण आपापल्या जागचा प्रकाश गिळते आणि पडद्यावर डोंगररांग उमटते. त्या रांगेत, पिळाचं शिखर आणि घडीचं शिखर यांच्या मधल्या खिंडीत, मला या उन्हाळ्यात एक टेकाड सापडलं होतं. सावलीत वाळवलेल्या लसूणघासात होतं, ओव्हनमध्ये वाळवलेल्यात नव्हतं. आजवर कुणी लिहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं या प्रयोगशाळेत मी दुसऱ्यांच्या पिशव्यांतलं गवत मोजून दुसऱ्यांना आकडे देत आले. हे टेकाड तेवढं माझं होतं. गेले काही महिने मी सकाळी उठत होते ती त्याच्यासाठी, असं मला वाटत होतं.

शंकासुराचं बोट मात्र तिथं नव्हतंच. ते होतं पार डावीकडे, प्रथिनांपासून लांब, जिथं मी कधी बघत नाही, कारण तो भाग मी आलेखातून कापूनच टाकते. तिथं दोन छोटे उंचवटे जोडीनं बसले होते. एखादा उंट अर्धा वाळूत पुरला तर दिसेल तसे. हे उंचवटे कशाचे, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा झोपेत सांगेल. माणसाच्या उच्छ्वासातल्या कर्बवायूचे. आणि उच्छ्वास कप्प्यात शिरला, की त्याच्याबरोबर त्यातली वाफही शिरते, आणि वाफेच्या बारीक बारीक सुया नेमक्या प्रथिनांच्या डोंगरावर उगवतात. मी त्या सुयांना यंत्राचा खडखडाट समजून गणितानं गुळगुळीत केलं होतं. गुळगुळीत केल्यावर त्यांचं एक गोंडस टेकाड झालं होतं.

“सावलीतल्या सगळ्या चकत्यांना हे उंट आहेत,” तो म्हणाला. “ओव्हनवाल्या एकीलाही नाहीत. ओव्हनवाल्या कधी मोजल्या होत्या?”

“गेल्या वर्षी. हिवाळ्यात.”

“कुणी?”

“मीच. दोन्ही मीच मोजल्या.” आणि मग मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, “आणि झाकण उघडं असताना मी श्वास रोखते. अख्ख्या इमारतीला माहीत आहे.”

खरंच माहीत आहे. आमचं यंत्र जुनं, त्यातला कोरड्या हवेचा झोत दमेकऱ्यासारखा, म्हणून आमच्या गुरुजींनी आम्हाला रीत लावून दिली होती: झाकण उघडायच्या आधी श्वास घ्यायचा, चकती बसवायची, झाकण लावायचं आणि मगच सोडायचा. बाकीच्यांनी ती केव्हाच सोडली. वाफ वजा करायची सोय आता संगणकातच आहे, ती ते वापरतात. मी वापरत नसे. मला गरज काय? श्वास रोखण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पाणबुड्या बाई म्हणायचे मला. या एका गोष्टीचा मला थोडा तोराच होता, आणि तो आता पडद्यावर उंट होऊन बसला होता.

शंकासुरानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. बोलावं की नाही असं त्याचं चाललं होतं, आणि त्याच्या बाबतीत हे नवीन होतं. “रोखत असाल पूर्वी,” तो म्हणाला. “हल्ली तुम्ही गुणगुणता.”

“मी?”

“रोज. चकती बसवताना. कप्प्यात डोकं घालून.”

“मी आयुष्यात कधी गुणगुणलेली नाही.”

“मी इथं फळीच्या पलीकडे बसतो, बाई. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. स्वतःचं गुणगुणणं माणसाला माहीत नसतं का?” ही शंका त्याला खरोखरच पडली असावी, कारण तो क्षणभर तिच्यातच अडकून राहिला.

“कुठलं गाणं?” मी विचारलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

“गाणं नाही. शब्द नाहीत. नुसतंच…” आणि या माणसानं, ज्याला दारावरच्या घंटीचा सूरसुद्धा धरता येणार नाही, ओठ मिटून ते करून दाखवलं. आधी एका जागी घोळणारं, मग हळूहळू वर जाणारं, वर जाऊन थोडं थरथरणारं, आणि मग एकदम तुटणारं, पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी तसं. “आणि इथं तुटतं,” तो म्हणाला. “रोज इथंच तुटतं. मग झाकणाचा आवाज येतो.”

मी उठून खिडकीशी गेले. खाली एक बस आली, माणसं उतरली, माणसं चढली. मी खिडकीची चौकट धरली. ते मी ओळखलं होतं. ते माझं नव्हतंच. खिडकीतल्या शिवणयंत्रापाशी पाठमोरी बसलेली आई, पायाखाली फळीची ये-जा, जमिनीवर धाग्यांची टोकं, आणि तिच्या मिटल्या ओठांमधून येणारा तो आवाज. शब्द नव्हते, कारण शब्द म्हणायला तोंड उघडावं लागतं आणि आईच्या ओठांत टाचण्या असायच्या. एकेक टाचणी कापडातून काढून ओठांत धरायची आणि शिवण पुढं सरकवायची. बाबा दारातून म्हणायचे, “आला का भुंगा घरात?” आणि ती हसायची नाही, हसली तर टाचण्या पडल्या असत्या, पण सूर जरा वर जायचा, आणि आम्हाला कळायचं की हसतेय. शिवण कोपऱ्याशी आली की यंत्र थांबायचं, कापड वळायचं, आणि तिथं सूर तुटायचा. म्हणून तो असा मधेच तुटतो. त्याला शेवट कधी नव्हताच; होता तो फक्त कापडाचा कोपरा. मी खाली बसून चिंध्यांच्या घड्या घालत असायची, आणि कोपऱ्यानंतर ते गाणं कुठं जातं याचा विचार करत असायची. मग मी मोठी झाले आणि विचार सोडून दिला.

आणि नंतर ती बोलायचीच थांबली. एका दुपारी ती आमच्या घरी आली होती, खुर्चीवरून उठायला गेली आणि अर्धं अंग तिथंच राहिलं. पुढची सगळी वर्षं आतल्या खोलीत पलंगावर, वाचा गेलेली, झोप पाखरासारखी. कुठंही खुट्ट झालं की जाग, आणि जाग आली की ते डोळे, काहीतरी मागणारे, आणि काय मागतायत ते आम्हाला कधी न कळणारे. घरात आम्ही दोघं मांजराच्या पावलांनी वावरायला शिकलो. भांडी कापडावर ठेवायची. नवऱ्याचं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान आहे, पण घरातलं टोल्यांचं घड्याळ त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलं. दिवसभर प्रयोगशाळेत आणि संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारात उभं राहून मी एकच करत होते: श्वास धरणं, तिथं चकतीसाठी आणि इथं तिचा चालू आहे का ते ऐकायला. पाणबुड्या बाई काय उगीच झाली? सरावच तेवढा होता. ओव्हनवाल्या त्या चकत्या मी त्या हिवाळ्यात मोजल्या. हिवाळा सरताना आई गेली. सगळे म्हणाले, “सुटली बिचारी,” आणि म्हणताना बघत होते माझ्याकडे. मी रडले, मनापासून रडले. पण काही दिवसांनी सकाळी कामाला निघताना माझ्या हातून बाहेरचं दार धाडकन लागलं, आणि जिन्यात उभी राहून मी त्या आवाजाची चव घेतली. दुसऱ्या दिवशी परत तसंच लावलं. या गोष्टीची मला लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतं याची आणखी लाज. मग ते टेकाड सापडलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला, अक्षरशः टाकला असणार, कप्प्यातच. कारण आता आपण खुशीत का आहोत याला एक चारचौघांत सांगण्याजोगं कारण मिळालं होतं. आई गेली म्हणून नाही, शोध लागला म्हणून.

आता शोध गेला होता. मी खिडकीशी उभी राहून वाट बघत होते की त्याच्या पाठोपाठ खुशीही कधी जाते. दुखरा दात जिभेनं चाचपावा तसं मी स्वतःला चाचपून बघितलं. वाईट वाटत होतं, नाही कसं? दुपारची धास्ती होती, साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढं येत होता. पण त्या सगळ्याच्या खाली ते होतं तिथंच होतं, जागचं हललेलं नव्हतं. माझा हिशेब उलटा मांडला गेला होता. टेकाडामुळे मी खूश नव्हते; मी खूश होते म्हणून टेकाड आलं होतं. मला कळायच्या आधी ते त्या जुनाट यंत्राला कळलं होतं, आणि त्यानं आपल्या परीनं ते इमानेइतबारे छापून दिलं होतं.

मी नवऱ्याला फोन लावला. मागं दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत होती.

“मी घरी गुणगुणते का रे?”

तो म्हणाला, “कोण बोललं तुला?”

“म्हणजे गुणगुणते.”

“अगं, वरच्या मजल्यावरच्या काकूंनासुद्धा माहीत आहे. मला विचारत होत्या, वहिनी क्लासला जातात का म्हणून.”

“आईचं आहे ते.”

“माहितीये मला,” तो म्हणाला. “मी काय लग्नाआधी तुमच्या घरी येत नव्हतो?”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर थांबली असतीस.” कुणीतरी गिऱ्हाईक आलं असावं, त्यानं फोनवर हात धरून ‘एक मिनिट’ म्हटलेलं ऐकू आलं. “चालत्या घड्याळाला हात लावू नये. डबा खाल्लास का?”

“अजून नाही,” मी म्हटलं, आणि नाक ओढून फोन ठेवला.

साहेबांना सांगायला आम्ही दोघं गेलो. आमच्या विभागाचे हे प्रमुख मनानं चांगले आहेत, पण कुठलीही बातमी त्यांना आधी पाहुण्यांच्या कानांनी ऐकू येते. त्यांनी कपाळाला हात लावला. “बाई, बाहेरून माणसं येणार आहेत. मी सांगितलंय त्यांना, आमच्याकडे नवीन काहीतरी आहे. नाक कापलं जाईल.”

“नवीन आहेच,” मी म्हटलं. “चूक नवीन आहे. अशी कुणी केली नसेल.”

“चूक आहे कशावरून?” हे शंकासुरानं विचारलं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. “नाही, म्हणजे, असावी असं मलाही वाटतं. पण पुरावा कुठंय? कप्पा रिकामा ठेवायचा, गवत नाही, चकती नाही. बाईंनी त्यात गुणगुणायचं, झाकण लावायचं आणि मोजायचं. नुसत्या हवेत ते टेकाड आलं तर ते गवताचं नाही. नाही आलं तर मग बघू.”

झालं. आम्ही तिघं यंत्राभोवती उभे राहिलो. शंकासुरानं झाकण उघडलं, साहेबांनी हाताची घडी घातली, आणि मी कप्प्यावर वाकले. आतून थंड धातूचा आणि किंचित गवताचा वास आला. काही येईना. घसा साफ केला, तरी काही येईना. पाहुण्यांपुढं म्हणून दाखव म्हटल्यावर मुलं जशी खांबामागं जातात तसा तो सूर कुठंतरी जाऊन बसला होता.

“साधा श्वास सोडला तर नाही का चालणार?” साहेब म्हणाले.

“नाही,” शंकासुर म्हणाला. “जसं झालं तसंच व्हायला हवं.”

“मग मी गुणगुणू का?” साहेबांनी विचारलं, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत सुरूही केलं. तो आवाज ऐकून पलीकडच्या खोलीतून एक बाई डोकावून गेल्या. आम्हाला हसू आवरेना. मी हसता हसता यंत्राला टेकले. शेवटी मी दोघांना पाठ करून उभं राहायला सांगितलं, आणि हाताला सवयीचं काम दिलं. चिमटा घेतला, चकतीची रिकामी चौकट उचलली, डोळ्यांजवळ धरली, खाचेत उतरवायला लागले. ती खाच अंगानं खोडसाळ आहे, चौकट एका बाजूनं बसली की दुसऱ्या बाजूनं उचलली जाते. मी तिच्याशी झटत होते. पुन्हा घातली, पुन्हा उचलली गेली. मग ती कट्‌ करून बसली, आणि लगेच माझ्या कानापाशी झाकण लागलं. तेव्हा कुठं मला कळलं की शंकासुर केव्हाचा वळून माझ्या शेजारी उभा होता.

“आलं?” मी विचारलं.

“आलं,” तो म्हणाला. “तिथंच तुटलं.”

पडद्यावर रेघ सरकू लागली. डावीकडे उंट उठले. मग बराच वेळ सपाट माळ, आणि उजवीकडे, जिथं प्रथिनांचा डोंगर असायचा पण आज नव्हता, तिथं सुयांचं बारीक रान. शंकासुरानं ते माझ्याच पद्धतीनं गुळगुळीत केलं आणि रिकाम्या जागी माझं टेकाड उभं राहिलं. तेच, तसंच, जरा डाव्या अंगावर कललेलं. साहेब जवळ येऊन बघत राहिले. “म्हणजे हे तुम्ही आहात,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला एवढं भरून आलं की मी चिमटाच पुसत बसले. फायलीला नाव द्यायचं होतं. शंकासुरानं रीतीप्रमाणे ‘रिकामा कप्पा’ असं टंकलं.

“रिकामा कुठं होता?” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, ते खोडलं आणि चौकोन तसाच कोरा ठेवला. मग म्हणाला, “एकदा आलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. योगायोग असू शकतो. परत करा.”

“दुपारपर्यंत वेळ आहे का?” साहेबांनी घड्याळ बघत विचारलं, पण खुर्ची ओढून बसलेही.

मी पुन्हा वाकले. या वेळी पाठ करा म्हणाले नाही. चौकट खाचेत उतरवायला लागले, आणि तो सूर आपणहून आला, एका जागी घोळला, वर जायला लागला, आणि आता तो मला ऐकू येत होता. आईच्या पाठीवरचा उन्हाचा पट्टा मला दिसत होता, जमिनीवरचे धागे दिसत होते. ओठ मिटलेलेच होते. शंकासुर झाकणाला हात लावून, मान तिरकी करून, तुटायची वाट बघत थांबला होता. चौकट कट्‌ करून बसली. कोपरा आला. माझ्या ओठांत टाचण्या नव्हत्या. सूर वळला आणि पुढं गेला, जिथं तो जातो हे मला लहानपणापासून बघायचं होतं तिथं.

“बाई, थांबा ना आता,” शंकासुर म्हणाला. “झाकण लावायचंय.”

त्याला उत्तर द्यायचं तर मला थांबावं लागलं असतं.